चाचणी बावीस अंशांत, खेळ पंचेचाळिसात

२५ मे २०२४ रोजी, ऐन नवतपाच्या तोंडावर, अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेच्या लाटेपायी जिल्ह्यात कलम १४४ लागू केले. जमावबंदीचे म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेले हे कलम उन्हासाठी वापरावे लागले. पारा ४५ अंशांच्या वर होता. कामगारांना पाणी आणि पंख्यांची सोय करून द्या, खासगी शिकवणी वर्ग भर दुपारी भरवू नका, असे आदेश निघाले. वऱ्हाडातल्या माणसांना त्याचे फारसे नवल वाटले नसावे. २६ मे २०२० ला याच अकोल्यात ४७.४ अंशांची नोंद झालेली आहे.

याच दिवसांत शाळा-कॉलेजांना सुट्ट्या असतात. दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. पोरांच्या हाती वेळच वेळ असतो आणि घरात एखादा गेमिंग पीसी किंवा लॅपटॉप असेल तर तो सुरू होतो. पहिली काही मिनिटे सगळे सुरळीत. मग चित्र अडखळू लागते, कॅबिनेटमधला पंखा घोंगावू लागतो, पडद्याच्या कोपऱ्यात लावून ठेवलेला तापमानाचा आकडा नव्वदीकडे सरकतो. ‘सीपीयू जळणार तर नाही ना?’ हा प्रश्न मग घरातल्या मोठ्यांपर्यंत पोचतो, कारण त्या पेटीत घरचे चाळीस-पन्नास हजार रुपये अडकलेले असतात.

धारणीत हा प्रश्न आणखी जड होतो. मेळघाटातला हा तालुका, वस्ती मुख्यतः कोरकू. त्याच तालुक्यातले हरिसाल २०१६ मध्ये राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्यातून ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजले. पण संगणकाच्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर गाठायचे तर अमरावतीची वाट धरावी लागते. हरिसाल, सेमाडोह, परतवाडा असा घाटावळणाचा, सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता. नाहीतर सीमेपलीकडे बुऱ्हाणपूर किंवा खंडवा. शेजारचा चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर असल्याने उन्हाळ्यात तिथे माणसे हवा खायला जातात. धारणी मात्र तापीच्या खोऱ्यात, डोंगरांच्या कुशीत खाली बसलेली. तिच्या वाट्याला तो गारवा येत नाही.

अशा ठिकाणी नेमका दोष ओळखता येणे ही पैसे, प्रवास आणि मनस्ताप वाचवणारी विद्या आहे. ती अवघड नाही. फक्त तिचा हिशेब इथल्या हवेपासून सुरू करावा लागतो.

बेरजेचे गणित

चिपचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक चिपने स्वतः केलेली वाढ. ही वाढ दोन गोष्टींवर ठरते: चिप किती वॅट वीज खाते आणि तिच्या डोक्यावरचा हीटसिंक व पंखा ती उष्णता किती तत्परतेने हवेत सोडतो. समजा, एक प्रोसेसर १०० वॅट घेतो आणि त्याचा हीटसिंक दर वॅटमागे अर्धा अंश वाढू देतो. वाढ झाली ५० अंश. खोली २२ अंशांची असेल तर चिप ७२ वर राहील. खोली ४२ अंशांची झाली की तोच प्रोसेसर, तोच हीटसिंक, तोच गेम, आणि आकडा ९२. यंत्रात काहीही बिघडलेले नाही.

आता प्रश्न असा, की जगभरच्या चाचण्या कुठल्या खोलीत होतात? प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट यांची परीक्षणे बहुधा वीस ते पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत केली जातात. पॉवर सप्लायवर, म्हणजे एसएमपीएसवर, जो ‘८० प्लस’चा शिक्का असतो त्याची मूळ चाचणीसुद्धा २३ अंशांच्या आसपास होते. प्लेस्टेशन ५ साठी सोनीने ५ ते ३५ अंशांचे वातावरण सांगितले आहे. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी शून्य ते ३५ अंश ही मर्यादा दिली आहे. वऱ्हाडात मार्चअखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत बहुतेक दुपारी या मर्यादेच्या बाहेरच असतात.

म्हणून ‘गेम खेळताना तापमान सत्तरच्या वर जाता कामा नये’ असा कुणाचा तरी सल्ला वाचून धारणीतल्या मुलाने घाबरून जाऊ नये. तो सल्ला देणाऱ्याच्या खोलीत आणि धारणीच्या खोलीत वीस अंशांचे अंतर असते. इथे पाहायचा आकडा वेगळा: चिपच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करून जे उरते ते. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना चिप ७० दाखवत होती आणि मे महिन्यात खोली ४२ वर असताना ९२ दाखवते, तर फरक दोन्ही वेळा पन्नासच्या आसपास आहे आणि यंत्र ठणठणीत आहे. पण मे महिन्यात खोली ३५ अंशांवर असूनही चिप ९५ ला टेकली असेल, तर फरक साठवर गेला. तिथे धूळ, सुकलेली पेस्ट किंवा बंद पडलेला पंखा शोधायला हवा.

याच गणितातून एक गैरसमजही दूर होतो. पंखा कितीही मोठा लावला, पाण्याच्या नळ्यांचे महागडे लिक्विड कूलिंग बसवले, तरी चिप खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही. ही साधने उष्णता चिपपासून हवेकडे नेतात. हवाच ४५ अंशांची असेल तर त्यांची धाव तिथेच संपते. शिवाय खेळताना ४०० वॅट घेणारा पीसी ती सगळी वीज शेवटी उष्णता म्हणून खोलीत सोडतो. टिनाच्या छपराखालची, दार-खिडकी लावून घेतलेली दहा बाय दहाची खोली आणि तिच्यात चार तास चाललेला हा ४०० वॅटचा हीटर. रात्री आठ वाजता खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते ती त्यामुळे.

चिप स्वतःला कशी वाचवते

‘जळेल’ ही भीती कुठून आली, याला एक इतिहास आहे. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने एक प्रयोग चित्रित केला. ‘क्वेक ३’ हा गेम चालू असताना प्रोसेसरवरचा हीटसिंक सरळ काढून घेतला. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला पण चालत राहिला, हीटसिंक परत ठेवल्यावर पुन्हा वेगात आला. पेंटियम ३ थबकून बंद पडला. एएमडीच्या अॅथलॉनमधून मात्र काही क्षणांत धूर निघाला. त्या काळातला संगणक खरोखर जळू शकत होता.

त्यानंतरच्या वर्षांत संरक्षण चिपच्या आतच आले. आजच्या इंटेल प्रोसेसरांची कमाल मर्यादा साधारण १०० अंशांची असते. एएमडीच्या रायझन ७६००एक्सची ९५. २०२२ मध्ये या चिपची मालिका बाजारात आणताना एएमडीने स्वतःच सांगितले, की पूर्ण भार असताना ९५ अंशांवर राहणे हे तिच्या रचनेतच धरलेले आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० कार्डाची मर्यादा ९३, तर ४०६० ची ९०. मर्यादा जवळ आली की चिप आपला वेग आणि व्होल्टेज कमी करते. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. तेवढ्याने भागले नाही तर संगणक स्वतःहून बंद होतो.

तेव्हा दुपारच्या खेळातला ‘लॅग’ हा पुष्कळदा चिपचा बचाव असतो. ती जळत नाही, खेळ मात्र बिघडतो. आणि तिच्या शेजारी बसलेल्या काही भागांना असा बचाव नसतो. बोर्डावरचे आणि एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर त्यांपैकी एक. त्यांच्या बाबतीत अभियंत्यांचा जुना ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. लॅपटॉप आणि मोबाइलची लिथियम बॅटरी दुसरी. उष्णतेत ती लवकर म्हातारी होते आणि फुगते. वऱ्हाडी उन्हाळ्याचा खरा फटका असा सावकाश बसतो. प्रोसेसर दहा वर्षांनीही चालू असतो, एसएमपीएस आणि बॅटरी मात्र अर्ध्या वाटेत साथ सोडतात.

आधी नोंद, मग स्क्रूड्रायव्हर

दुरुस्तीची सुरुवात स्क्रूड्रायव्हरने करू नये. आधी पाहावे. एचडब्ल्यूइन्फो आणि एमएसआय आफ्टरबर्नर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. पहिले प्रत्येक भागाचे तापमान, वेग, वॅट यांची नोंद फाइलमध्ये ठेवते. दुसरे खेळ चालू असतानाच पडद्यावर आकडे दाखवते. सोबत खोलीत एक साधा तापमापक हवा, कारण वर सांगितलेली वजाबाकी त्याच्याशिवाय होत नाही.

अर्धा तास खेळून नोंद पाहिली की दोष बहुधा स्वतःच बोलतो. खेळ सुरुवातीला सुरळीत आणि पंधरा-वीस मिनिटांनी मंद, त्याच वेळी तापमान मर्यादेला टेकलेले आणि वेगाचा आलेख खाली आलेला, तर कारण उष्णता. पहिल्या मिनिटापासूनच चित्र अडखळते आणि तापमान साठ-सत्तरच आहे, तर उष्णतेला दोष देऊ नये. रॅमची एकच पट्टी लावलेली असते, गेम जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असतो, किंवा मागे अँटिव्हायरस आणि अपडेट चालू असतात. मोठ्या नकाशाच्या गेममध्ये नवा परिसर उघडताना दर वेळी झटका बसत असेल तर डिस्कवर संशय घ्यावा.

संगणक मंद न होता एकदम, दिवा विझावा तसा बंद पडतो आणि त्या क्षणी तापमान मर्यादेच्या खाली असते, तर एसएमपीएस आणि घरातली वीज तपासावी. पडद्यावर रंगीत ठिपके, तुकडे, वेडेवाकडे त्रिकोण दिसू लागले तर ग्राफिक्स कार्ड किंवा त्याची मेमरी. निळा पडदा येऊन संगणक पुन्हा सुरू होत असेल तर रॅम, व्होल्टेज किंवा ड्रायव्हर.

यानंतरची चाचणी सर्वांत स्वस्त. कॅबिनेटचे बाजूचे पत्र्याचे झाकण काढून ठेवावे आणि तोच गेम तेवढाच वेळ खेळून पाहावा. तापमान दहा अंशांनी उतरले तर चिप आणि तिचा हीटसिंक बरे आहेत, पेटीत हवा खेळत नाही एवढाच दोष. समोर काच आणि रंगीत दिवे पण हवा आत यायला जागाच नाही, अशा कॅबिनेटमध्ये हे हमखास घडते. पुढून हवा आत आणि मागून-वरून बाहेर, असे दोन-तीन पंखे नीट दिशेने लावले की काम होते. पंखा उलटा लागलेला असणे ही चूकही विरळ नाही. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या आधारपट्ट्या दिसतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते. झाकण काढूनही तापमान तेवढेच राहिले, तर हीटसिंक आणि पेस्टकडे वळावे.

कापूस, धूळ आणि खारे पाणी

वऱ्हाडची हवा संगणकाच्या पोटात काय काय नेते याची यादी पुण्या-मुंबईपेक्षा वेगळी आहे. अकोला, अकोट, तेल्हारा हा कापसाचा आणि जिनिंगचा मुलूख. हंगामात हवेत तरंगणारे तंतू हीटसिंकच्या पात्यांवर अडकतात, त्यांच्यावर धूळ बसते आणि जाड पापुद्रा तयार होतो. मेळघाटात कच्च्या रस्त्यांची माती असते, सोयाबीन-हरभऱ्याच्या मळणीचा भुसा असतो आणि चुलीचा धूर असतो. धुरातला चिकटपणा धुळीला धरून ठेवतो, त्यामुळे नुसत्या ब्लोअरने ती निघत नाही. कूलरच्या ताट्या गाळाने भरल्यावर मोटार कितीही फिरली तरी गार हवा येत नाही, हीटसिंकचेही तेच होते: पंखा जोरात, हवा शून्य. पावसाळ्यात मुंग्या, झुरळे आणि पाली उबदार एसएमपीएसमध्ये शिरतात आणि एखादी पाल दोन तारांच्या मध्ये येऊन सगळेच बंद पाडते.

स्वच्छतेची रीत साधी, पण क्रमाने करावी. वायर भिंतीतून काढावी. पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज उतरवावी. मग घराबाहेर, ओट्यावर नेऊन ब्लोअर मारावा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. चिकट थर मऊ ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. एसएमपीएसची पेटी मात्र घरी उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरलेला असू शकतो. तिला बाहेरूनच हवा मारावी.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावलेली थर्मल पेस्ट काही वर्षांनी सुकते किंवा कडेला सरकते. ती पुसून नवी लावणे हा दोन-चारशे रुपयांचा उपाय आहे. इंटेलच्या सोबत येणारा हीटसिंक चार प्लास्टिकच्या खिळ्यांवर बसतो. एक खिळा सुटला तरी एका कोपऱ्यात फट पडते आणि आकडा थेट शंभरीला जातो. अमरावतीहून घाटरस्त्याने हादरे खात आलेला पीसी धारणीत पहिल्याच दिवशी तापत असेल, तर आधी हे चार खिळे आणि मग ग्राफिक्स कार्ड खाचेत नीट बसले आहे का ते पाहावे. जड कार्ड प्रवासाआधी काढून वेगळे बांधणे सर्वांत चांगले.

राहिला घरचा कूलर. ४४ अंशांच्या कोरड्या दुपारी, हवेत आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगल्या ताट्यांचा कूलर हवेला २८ ते ३० अंशांपर्यंत खाली आणू शकतो. बेरजेच्या गणिताने चिपही तेवढीच उतरते. म्हणजे वऱ्हाडात गेमिंग पीसीचा सर्वांत प्रभावी थंडावा तोच, जो घरच्या माणसांसाठी आधीपासून लावलेला आहे. दोन अटी मात्र पाळाव्या लागतात. कूलरच्या झोताची फवार थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये, आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. खिडकी बंद असली की ओलावा साचतो आणि कूलर निकामी होतो.

पहिल्या अटीमागे वऱ्हाडचे खास कारण आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथले भूजल खारे. बोअरचे असे पाणी कूलरमध्ये भरले की बारीक थेंबांबरोबर क्षारही उडतात. बोर्डावर बसलेले क्षार ओल्या दिवसांत तांब्याच्या रेघा आणि जोड खातात. धारणी या पट्ट्याबाहेर आहे, पण दर्यापूर-अकोटकडचा जुना संगणक विकत घेणाऱ्याने बोर्डावर पांढरट-हिरवट डाग आहेत का, हे उजेडात धरून पाहावे.

लाइनचा प्रश्न

‘लाइन गेली’ ही खेळाडूची नेहमीची तक्रार, पण लाइन असूनही व्होल्टेज पडलेले असणे जास्त छळते. एसएमपीएस संगणकाला लागेल तेवढे वॅट देतच राहतो. भिंतीतला दाब २३० वरून १७० व्होल्टवर आला, तर तेवढेच वॅट द्यायला तो जास्त करंट ओढतो आणि स्वतः अधिक तापतो. चांगल्या एसएमपीएसवर १०० ते २४० व्होल्ट असा पल्ला लिहिलेला असतो, त्याला हे झेपते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या बिननावाच्या पेटीला झेपत नाही. पेटीवर कितीही मोठा वॅटचा आकडा छापलेला असो, तो ४० किंवा ५० अंशांत सतत देता येतो असे कंपनीने लिहिले आहे का, ते पाहावे. लिहिले नसेल तर तो आकडा उन्हाळ्यात धरून चालू नये.

खडकाळ जमिनीत अर्थिंग नीट नसणे ही आणखी एक अडचण. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ग्राफिक्स कार्डाचा विचार बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवावे.

उष्णतेच्या नावावर लागलेले दोष

काही वेळा उष्णतेवर आळ येतो आणि खरा दोष दुसरीकडे असतो. गेमिंगच्या जगात याची ठळक उदाहरणे आहेत.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे ताकदवान प्रोसेसर घेतलेल्यांचे गेम अचानक बंद पडू लागले. पडद्यावर संदेश यायचा व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचा, म्हणून लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसले. कुणी मोठे हीटसिंक आणले. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले, की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने चिप आतून झिजत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. आधीच झिजलेली चिप त्याने दुरुस्त होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. ज्यांच्याकडे असे प्रोसेसर आहेत त्यांनी मदरबोर्डचे बायोस अद्ययावत केले आहे की नाही हे आजच पाहावे.

जुलै २०२१ मध्ये ॲमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या गेमच्या चाचणीत ईव्हीजीए कंपनीची काही आरटीएक्स ३०९० कार्डे कायमची बंद पडली. गेमच्या मेन्यूत फ्रेमच्या संख्येवर लगाम नव्हता, कार्ड नुसत्या मेन्यूसाठी शेकडो फ्रेम काढत सुटले होते. कंपनीने कार्डे बदलून दिली आणि तपासाअंती त्या कार्डांवरच्या सदोष सोल्डरिंगकडे बोट दाखवले.

याउलट उष्णतेने खरोखर घात केल्याचे सर्वांत महागडे उदाहरण एक्सबॉक्स ३६० चे. तापणे-निवणे वारंवार होऊन आतले बारीक जोड तडकत होते आणि समोर तीन लाल दिवे लागत होते. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषाची वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. तिथे घातक ठरले ते रोजचे चढ-उतार. वऱ्हाडात चढ-उतार मोठे असतात, म्हणून आकडा रोज मर्यादेला टेकू न देणे शहाणपणाचे.

बिनपैशाचे उपाय

नवा हीटसिंक घेण्याआधी करून पाहावेत असे उपाय सेटिंगमध्येच आहेत. पहिला, फ्रेमला लगाम. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० चित्रेच दाखवतो. कार्ड १८० काढत असेल तर उरलेली मेहनत फक्त खोली तापवते. गेममध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये ६० ची मर्यादा घातली की ‘व्हॅलोरंट’सारख्या हलक्या गेममध्ये तापमान झपाट्याने उतरते.

दुसरा, व्होल्टेज कमी करणे. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.०५ व्होल्टवर चालणारे कार्ड त्याच वेगाने ०.९५ व्होल्टवर चालवता आले, तर वीज सुमारे १८ टक्क्यांनी घटते आणि खेळात काही फरक पडत नाही. प्रत्येक चिपला हे सारखे साधत नाही. पायरीपायरीने उतरावे, गेम बंद पडू लागला की एक पायरी वर यावे. याहून सोपे म्हणजे आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणणे. चार-दोन फ्रेम जातात, उष्णता पाचव्या हिश्शाने कमी होते.

तिसरा, लॅपटॉपसाठी. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के केली, की बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो बूस्ट बंद होतो. वेग घटतो, पण ज्या खेळाचा भार ग्राफिक्सवर आहे त्यात तो फारसा जाणवत नाही आणि तापमान चांगलेच खाली येते. चौथा उपाय घड्याळाचा. पहाटे पाच ते सकाळी नऊ या वेळात वऱ्हाडातली हवा दुपारपेक्षा पंधरा अंशांनी गार असू शकते. जड गेम तेव्हा, हलका गेम दुपारी.

मांडीवर आणि मुठीत

लॅपटॉपची हवा बहुधा खालून आत जाते. गादी, गोधडी, उशी यांच्यावर ठेवला की ती वाट बंद. पाट किंवा टेबल, आणि मागच्या बाजूला दोन बोटे उंचीची टेकण, एवढ्याने काही अंश उतरतात. ट्रॅकपॅड वर उचलला गेला, तळ डगमगू लागला, तर बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप बंद करून ती बदलावी, टोचू किंवा दाबू नये.

आणि मेळघाटात गेम म्हणजे पुष्कळांसाठी मोबाइलच. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याचेच भारतीय रूप बीजीएमआय आले, जुलै २०२२ मध्ये तेही अडले आणि २०२३ मध्ये परतले. खेळ टिकला. मोबाइलला पंखा नसतो, त्याची सगळी उष्णता पाठीतून हातात येते. तो तापला की पडदा मंद करतो, मग वेग कमी करतो. खेळताना कव्हर काढावे, चार्जिंगला लावून खेळू नये, ग्राफिक्स एक पायरी खाली ठेवावे. तापलेला मोबाइल फ्रिजमध्ये ठेवायची काही जणांना सवय असते. ती सोडावी. बाहेर काढल्यावर हवेतला ओलावा त्याच्यावर आणि फटींतून आतही जमतो.

मुरंब्याचा धागा

भारताचा पहिला महासंगणक ‘परम ८०००’ पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली उभा राहिला. त्या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर उपलब्ध साधे प्रोसेसर मोठ्या संख्येने जोडून हे यंत्र घडवले गेले. पुढे २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये बसवलेल्या ‘परम ब्रह्म’मध्ये सी-डॅकने चिपला थेट भिडणारे द्रवशीतन वापरले. आपल्या परिस्थितीला जुळणारे यंत्र आपण घडवायचे, हा धडा ज्या मातीतल्या माणसाने घालून दिला, त्या मातीला आपल्या उन्हाची चाचणी दुसऱ्या कुणाकडून मागवण्याची गरज नाही.

अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. शेगावचे संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून. तिथल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एक बंद खोली ४५ अंशांवर ठेवून बाजारातले पाच एसएमपीएस, पाच कॅबिनेट, पाच लॅपटॉप चालवून पाहावेत. २३० व्होल्टवर एकदा, १७० वर एकदा. स्वच्छ हीटसिंकवर एकदा आणि जिनिंगच्या कापसाने भरलेल्या हीटसिंकवर एकदा. निकाल मराठीत छापावेत आणि अकोला, अमरावती, परतवाडा, धारणी इथल्या दुकानांत लावावेत. खर्च फार नाही: एक हीटर, व्होल्टेज कमी-जास्त करणारा एक व्हेरिअॅक, काही तापमापक आणि फुकटचे सॉफ्टवेअर. मग पुढच्या मे महिन्यात मेळघाटातल्या मुलाला नव्वदचा आकडा दिसेल तेव्हा त्याच्यासमोर तुलनेला वऱ्हाडच्या खोलीतलाच आकडा असेल, आणि अमरावतीची गाडी पकडायची की नुसता ब्लोअर मारायचा हे त्याला घरीच ठरवता येईल.